मदत हवी आहे: स्क्रू जॅकच्या गणितात माझं उत्तर जवळपास चौपट कमी येतंय

दोन दिवस हे एकच उदाहरण घेऊन बसलेय. भार ५००० न्यूटन, चौकोनी एकेरी आटे, पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) ६ मिमी, आट्यांचा सरासरी व्यास ३६ मिमी, दांडा ३०० मिमी, घर्षणांक ०.१५. दांड्याच्या टोकाला बल किती लागेल?

मी असं केलं: एका फेऱ्यात टोक २ × ३.१४ × ३०० = १८८४ मिमी फिरतं, भार ६ मिमी चढतो. वेग गुणोत्तर ३१४. म्हणून बल ५००० ÷ ३१४ = १५.९ न्यूटन. पुस्तकात ६१.४ आहे. व्यास आणि घर्षणांक मी वापरलेच नाहीत हे दिसतंय, पण ते बसवायचे कुठे?

प्रतिसाद
तुमचं उत्तर घर्षण नसलेल्या जॅकचं आहे. वेग गुणोत्तर हा नुसता अंतरांचा हिशेब, घर्षणाला तिथे जागाच नाही. आटा म्हणजे गुंडाळलेली उतरण (कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळून बघा). पाया ३.१४ × ३६ = ११३, उंची ६, म्हणजे चढाचा कोन ३.०४ अंश. ज्याचा टॅन ०.१५ तो घर्षणकोन, ८.५३ अंश. भार चढवताना दोन्हींची बेरीज घ्यायची: ११.५७, त्याचा टॅन ०.२०४७. आट्यावर बल ५००० × ०.२०४७ = १०२३.५ न्यूटन. हे १८ मिमी त्रिज्येवर लागतं, तुम्ही ढकलता ३०० वरून. १०२३.५ × १८ ÷ ३०० = ६१.४.

कार्यक्षमता १५.९ ÷ ६१.४, साधारण २६ टक्के. खऱ्या जॅकमध्ये कॉलरचंही (भार ज्या कड्यावर टेकतो त्याचंही) घर्षण असतं. ते इथे दिलेलं नाही, म्हणून सोडलं.

धागाकर्ती
जुळलं! पण २६ टक्के म्हणजे अगदीच टाकाऊ यंत्र झालं की. भरपूर वंगण घालून घर्षणांक ०.०४ वर आणला तर?

प्रतिसाद
कार्यक्षमता ५७ टक्क्यांवर जाईल, आणि दांडा सोडलात की भार आपोआप खाली येईल. घर्षणकोन आता २.२९ अंश, चढाच्या ३.०४ पेक्षा कमी. आटा भाराला धरून ठेवू शकत नाही. जॅकखाली हात घालून काम करणाऱ्याला ते २६ टक्केच हवे असतात. स्वतःहून न घसरणाऱ्या अशा स्क्रूची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या पुढे जातच नाही.

धागाकर्ती
मग मूळ उदाहरणात भार उतरवताना कोनांची वजाबाकी ना? ८.५३ − ३.०४ = ५.४९, बल २८.८ न्यूटन आलं.

प्रतिसाद
बरोबर. दिशा उलटी, तेवढं उत्तरात लिहा. त्याचे गुण हमखास जातात.