मदत हवी आहे: पाण्यावरची नक्षी कार्डशीटवर टिकत नाही

दिवाळीसाठी 40 शुभेच्छापत्रं करतेय. पार्श्वभूमीला जपानी सुमिनागाशी पद्धत (पाण्यावर तरंगणाऱ्या शाईच्या नक्षीचा ठसा कागद टेकवून घ्यायचा): ट्रेमध्ये इंचभर पाणी, एका ब्रशला काळी चायनीज इंक, दुसऱ्याला भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी, आळीपाळीने टेकवायचं. वलयं सुरेख येतात, फुंकर मारली की लाकडाच्या रेषांसारखी वळतात. गाडी अडते ती पुढे.

250 जीएसएमच्या (म्हणजे जाड) गुळगुळीत कार्डशीटवर ठसा फिकट उमटतो आणि धुताना निम्मी शाई वाहून जाते. त्याच पाण्यावर झेरॉक्सचा कागद टेकवला तर ठसा झकास, पण वाळल्यावर पापडासारखा वाकडा! हँडमेड कागदावरही छान येतं, पण त्याच्या खरखरीत पृष्ठावर जेल पेन अडखळतं आणि आत मजकूर हातानेच लिहायचाय.

करून पाहिलं: दर ठशाआधी वर्तमानपत्राच्या पट्टीने पाण्यावरची उरलेली शाई काढून घेणं, कागद मधून टेकवून कडांकडे सोडणं (बुडबुड्यांचे पांढरे डाग गेले, फिकेपणा नाही), फाउंटन पेनची शाई (लगेच विरघळली). पाण्याऐवजी शेव्हिंग फोमवर नक्षी करायची पद्धत नको, घरात वासाचा त्रास होतो.

कार्डशीटला आधी तुरटीचं पाणी लावून वाळवलं तर ही शाई धरेल का? की तुरटी फक्त अ‍ॅक्रिलिक मार्बलिंगलाच (अ‍ॅक्रिलिक रंगांनी अशी नक्षी करताना) लागते, आणि मी झेरॉक्सवर ठसे घेऊन ते कार्डावर चिकटवावेत? तसं असेल तर सुरकुत्या न पडता कशाने चिकटवता?