नाव घेणं, नाव काढणं की नावं ठेवणं?

प्रश्न:
ग्वाल्हेरच्या गणेशोत्सवातल्या स्मरणिकेसाठी भाच्याने स्टीली डॅन या अमेरिकन बँडवर मराठीत दोन पानं लिहिली नि मला तपासायला दिली. स्वतः गिटार वाजवतो. मराठी घरापुरती, बाहेर सगळी हिंदी. बँडमधले डॉनल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर पुस्तकांत बुडालेले, बँडचं नावही विल्यम बरोज यांच्या कादंबरीतून उचललेलं, इथवर ठीक. (कादंबरीत ते नाव कुठल्या वस्तूला आहे हे स्मरणिकेत छापण्याजोगं नाही. त्याने शहाणपणाने गाळलंय.)

अडलंय पुढे. १९७६ मध्ये त्यांच्या एका गाण्यात, घरातलं भांडण रंगात आलेलं असताना, ईगल्स या दुसऱ्या बँडचा आवाज वाढव, शेजारी ऐकताहेत, अशा अर्थाची ओळ आली. त्याच वर्षाअखेरीस ईगल्सनी 'हॉटेल कॅलिफोर्निया' या गाण्यात 'स्टीली' सुऱ्या घालून परतफेड केली. भाच्याने आधी 'जिक्र' लिहून खोडलंय नि वर 'नाममुद्रा' लिहिलंय. इंग्रजीत याला नेमचेक म्हणतात. आपल्याकडे काय म्हणायचं? शिवाय त्याने 'पढाकू बँड' असंही लिहिलंय. तो ठेवू का?

प्रतिसाद:
ताई, नाममुद्रा नको. 'तुका म्हणे' ही नाममुद्रा. ती रचना कोणाची ते सांगते. तुमच्या ग्वाल्हेरात ख्याल ऐकणाऱ्याला हे सांगायला नको, बंदिशीत सदारंग म्हटलं की ती नियामत खाँची. नामोल्लेख लिहा.

प्रतिसाद:
पण त्याच बंदिशींत बादशाह मोहम्मदशाहचं नावही येतं की, आणि तो तर आश्रयदाता. 'एका जनार्दनी'त एकनाथांबरोबर गुरूचंही नाव आहे. म्हणजे मुद्रेत दुसऱ्याला जागा असते.

प्रश्नकर्ती:
असते, पण सहीच्या शेजारी. ईगल्सच्या सुऱ्या ही कोणाची सही? आणि नामोल्लेख वाचला की मला सभेचं इतिवृत्त आठवतं, "अध्यक्षांनी अमुक यांचा नामोल्लेख केला."

प्रतिसाद:
नाम हवंच कशाला? क्रियापदं आहेत ना. बहिणाबाईंच्या 'संतकृपा झाली'मध्ये ज्ञानदेव, नामा, एकनाथ, तुका ओळीने येतात. ते नाव घेणं. उखाण्यातही नाव घेतात, त्यात मान आणि लाज दोन्ही. लिनर्ड स्किनर्ड या बँडने १९७४ मध्ये 'स्वीट होम अलाबामा'त गायक नील यंगचं नाव घेतलं, पण नावं ठेवायला, कारण त्याने आधी अमेरिकेच्या दक्षिणेला गाण्यातून सुनावलं होतं. एका अनुस्वाराने केवढा फरक पडतो! डीप पर्पल बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'मध्ये संगीतकार फ्रँक झॅपा आहे, तिथे मान नाही की टोमणा नाही. ४ डिसेंबर १९७१ ला माँत्रोचं कॅसिनो पेटलं तेव्हा तो तिथे वाजवत होता, म्हणून त्याचं नाव आलं. एवढंच. इंग्रजी या सगळ्यांना एकच शिक्का मारते.

पढाकू मात्र काढाच. हिंदीत तो कौतुकाचा, पण मराठी कानाला पढतमूर्ख ऐकू येतो. दासबोधात समर्थांनी त्याची लक्षणं सांगण्यात अख्खा समास घालवलाय. 'व्युत्पन्न' कसा वाटतो? व्युत्पत्ती म्हणजे आज आपण शब्दाचं मूळ समजतो, पण काव्यशास्त्रात ती कवीची बहुश्रुतता.

प्रश्नकर्ती:
व्युत्पन्न बँड! मंडळाचे अध्यक्ष मलाच अर्थ विचारायला येतील. 'वाचणारी पोरं' करते.

आणि सुऱ्यांचं एक राहिलं. भाच्याने सरळ 'पोलादी सुऱ्या' असं भाषांतर केलं होतं. पोलादी केलं की स्टीली गेलं, मग कसली परतफेड? आता 'स्टीली सुऱ्या'च ठेवलंय. बाकी वाक्य त्याने स्वतःच बदलून आणलं: "ईगल्सनी नाव न घेता नाव काढलं." मी त्यात हात घातला नाही.