1916-डी डाइम: ‘डी’ नंतर चिकटवलेला निघाला तर लेबलवर काय येतं?

पंचगंगाकाठ: मंडळी, एक सुटी मर्क्युरी डाइम (अमेरिकेचं जुनं 10 सेंटचं चांदीचं नाणं) मिळतेय, 1916-डी (डी म्हणजे डेन्व्हर टांकसाळ), बरीच झिजलेली. तपासणीसाठी बजेट 3 हजार. टांकसाळीच्या खुणेत गडबड असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसी (नाणी तपासून देणाऱ्या अमेरिकन कंपन्या) काय लिहून देतात? ‘डिटेल्स’ म्हणून तरी सीलबंद डबीत बसवतात का?

गुजरीकर: पैले वजन करा. 2.50 ग्रॅम भरलं पाहिजे. हॉलमार्क सेंटरवर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू तपासणी) मारा, चांदी 90 टक्के दाखवली की विषय संपला.

नाणेवेडा: संपत नाही. फिलाडेल्फियाची डाइमही 2.50 ग्रॅम आणि 90 टक्केच. 1916 साली ती 2 कोटी 21 लाखांवर पाडली, खूण काहीच नाही. डेन्व्हरची फक्त 2 लाख 64 हजार. म्हणून साध्या नाण्यावर ‘डी’ चढवतात. नाणं अस्सल, अक्षर तेवढं खोटं. यंत्र पास करणारच.

लेबलचं म्हणाल तर: घासलेलं, ओरखडलेलं नाणं ‘डिटेल्स’ लिहून डबीत येतं. खूण चढवलेलं तसं येत नाही. ‘अ‍ॅडेड मिंटमार्क’ किंवा ‘ऑल्टर्ड मिंटमार्क’ असा शेरा मारून डबीशिवाय परत. फी परत मिळेल या भरवशावर राहू नका.

तांबडापांढरा: भावा, सुटं घेऊच नकोस. डबीतलंच घे, जरा जास्त जातील. माझं तसलंच हाय, निवांत.

गुजरीकर: बजेट 3 हजार म्हणतोय तो. आणि डब्यापण खोट्या निघतात.

तांबडापांढरा: डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकायचा की! फोटो असला तर ओरखडे जुळवायचे. नुसता नंबर खरा असून भागत नाही.

रंकाळा_वेस्ट: आपल्याकडं पण हेच. मुंबईचा ठिपका चिकटवतात.

नाणेवेडा: कुठल्या नाण्यावर? ब्रिटिश रुपयावर ठिपका मुंबईचा. आताच्या नाण्यांवर ठिपका नोएडाचा, मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, कोलकात्याला काहीच नाही. आणि 1938 च्या रुपयाच्या 8 चा 9 करतात ती तारखेची फेरफार. तिथं शेरा ‘ऑल्टर्ड डेट’.

रंकाळा_वेस्ट: तेच म्हणतोय मी.

डाख_कारागीर: मूळ प्रश्नावर येऊ. ‘डी’ मागच्या बाजूला, ‘वन’च्या ‘ई’जवळ. 10 पटीचं भिंग घ्या, दिवा आडवा धरा, नाणं हळूहळू फिरवा. अक्षराच्या बुडाशी फट, गोंदाची चकाकी किंवा वेगळा रंग दिसला तर सोडून द्या. डाख (सोल्डर) दिला असेल तर भोवतीची जमीन खरवडून सपाट केलेली असते, बारीक समांतर रेघा दिसतात. अस्सल ‘डी’ साच्यातूनच येतो, म्हणून तो शेजारच्या अक्षरांइतकाच झिजलेला असतो. झिजल्या नाण्यावर टोकदार ‘डी’ म्हणजे घोटाळा. मागच्या बाजूचे साचे चारच होते, प्रत्येकात ‘डी’ची जागा ठरलेली. फोटो काढून जुळवा.

गोंदाचा संशय असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेची वाटी, रात्रभर झाकून ठेवा. चोळू नका, गॅसजवळ नको. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल-अत्तर असतं. डाख मात्र अ‍ॅसिटोननं सुटत नाही.

गुजरीकर: चिंच-रिठ्यानं धुतलं तर स्पष्ट दिसेल की.

डाख_कारागीर: अस्सल असलं तरी ‘क्लीन्ड’चा शेरा लागेल. हात लावू नका.

तांबडापांढरा: म्हणून सांगतोय, डबीतलंच घे.

पंचगंगाकाठ: आभार. ठरवलं: सुटंच घेतोय. विकणारा 15 दिवसांत परत घेईन असं बिलावर लिहून देतोय, तेवढ्यात भिंग आणि अ‍ॅसिटोन दोन्ही होईल. अमेरिकेला पाठवत नाही. अ‍ॅसिटोन महाद्वार रोडला मिळेल का?

गुजरीकर: एक्सआरएफ तरी करून घ्या.