बीपी-शुगरच्या ओपीडीत प्रौढांची टीबी तपासणी: कोणाला, कुठे, कशी?

प्रश्न – सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), उपकेंद्र
बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या सगळ्या प्रौढांना टीबी तपासणीबद्दल विचारायचं ठरवलंय. सध्या खोकल्याची तक्रार सांगितली तरच बेडक्याच्या तपासणीसाठी डबी दिली जाते. अडचणी तीन आहेत. "मला कुठे टीबी आहे?" म्हणून लोक बिथरतात. खोकला नसलेल्यांचं काय करायचं ते ठरत नाही. आणि बरेच नमुने 'अयोग्य' शेरा मारून परत येतात. अनुभवी मंडळींनी सांगावं.

उत्तर – वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र
केसपेपरच्या खिडकीवर विचारू नका. मागे रांग असते, माणूस "काही नाही" म्हणून मोकळा होतो. वजन-बीपी घेता त्या टेबलावर विचारा, आणि सुरुवात अशी करा: "शुगर असलेल्या सगळ्यांनाच आम्ही हे विचारतो." एवढ्याने निम्मा बिथरलेपणा जातो.

लक्षणं एकेक करून विचारा: दोन आठवडे किंवा जास्त खोकला, तेवढाच ताप, रात्री घाम, बेडक्यातून रक्त, मानेत गाठ. बिडी ओढणारा "खोकला आहे का?" ला नाही म्हणतो, त्याच्या लेखी तो रोजचाच. त्याला "सकाळी बेडका पडतो का?" असं विचारा. एचआयव्ही असलेल्याला दोन आठवड्यांची अट नाही, कितीही दिवसांचा खोकला धरायचा.

वजनाचं मात्र तोंडी उत्तर घेऊ नका, मागचं कार्ड काढा. तीन महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे ५२ चे ४९ किलो झाले, तरी तो संशयित. मधुमेहीचं वजन उतरलं की शुगरवर ढकलून गोळी वाढवली जाते आणि टीबी तसाच राहतो. हे फार वेळा होतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

उत्तर – एसटीएस (टीबी उपचार पर्यवेक्षक)
खोकला नसलेल्यांसाठी एक्स-रे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ एक्स-रेमुळे हाती लागले, लक्षणं विचारून ते सुटले असते. मधुमेह, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.५ पेक्षा कमी, वय ६० च्या पुढे, धूम्रपान, दारू, पूर्वी टीबी झालेला, घरात रुग्ण असलेला: यांना लक्षण नसलं तरी एक्स-रेला पाठवा. डाग दिसला म्हणजे टीबी ठरला असं नाही, पुढे ट्रूनॅट किंवा सीबीनॅट (जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या 'नॅट' चाचण्या) हवंच. हे रुग्णाला आधीच सांगा, नाहीतर घाबरून तो परत येतच नाही.

उत्तर – लॅब टेक्निशियन
'अयोग्य' नमुने बहुतेक वेळा नुसती लाळ असतात. "थुंकी द्या" म्हटलं की लोक थुंकीच देतात! साध्या पाण्याने चूळ भरायला लावा, दोन-तीनदा खोल श्वास, आणि मग छातीतून खोकून बेडका. घट्ट, पिवळसर, २ ते ५ मिली. उघड्यावर, इतरांपासून लांब; खोलीत किंवा संडासात कधीच नको. एक नमुना जागेवर, दुसरा सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्याआधी. अन्नाचे कण आले तर निकाल बिघडतो.

नाव आणि निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी पोर्टलवरचा रुग्णाचा नंबर) ट्यूबच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलली की नमुने बदलले. झाकण घट्ट लावून पॅराफिल्म (गळती रोखणारी ताणणारी पट्टी) गुंडाळा, ट्यूब उभी ठेवा, आइस पॅकच्या डब्यातून त्याच दिवशी पाठवा. फॉर्मवर पूर्वीच्या टीबीची नोंद हवीच. उपचार नुकताच संपलेल्या रुग्णात मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा पॉझिटिव्ह दाखवू शकतो, अशा वेळी कल्चर (जंतू वाढवून पाहणारी तपासणी) लागतं.

प्रश्न – सीएचओ, उपकेंद्र
धन्यवाद सर, मॅडम. नॅट निगेटिव्ह आला तर विषय संपला का?

उत्तर – वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र
नाही. नमुना लाळेचा होता का ते आधी पाहा, असेल तर पुन्हा घ्या. लक्षणं टिकून असतील किंवा एक्स-रेवर डाग असेल तर माझ्याकडे पाठवा. रिपोर्ट निगेटिव्ह असूनही तपासून टीबीचं निदान करता येतं. मानेतल्या गाठीला बेडका उपयोगाचा नाही, सुईने नमुना घ्यावा लागतो. आणि तोवर लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स चालू होऊ देऊ नका. त्याने आठ-दहा दिवस बरं वाटतं, रुग्ण यायचा थांबतो, आणि पुढे तीच औषधं त्याला लागू पडत नाहीत.