मदत हवी आहे: चटणीच्या बरण्यांची लेबलं घरच्या प्रिंटरवर छापताना ओळी सरकतात, शाई पसरते

चटणीडबा:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत घरगुती कांदा-लसूण चटणीचा छोटा उद्योग आहे. 250 ग्रॅमची गोल प्लास्टिक बरणी. लेबलासाठी ए-फोर स्टिकर शीट वापरतो, एका शीटवर 12 लेबलं, प्रत्येक 100 × 44 मिमी, दोन उभ्या रांगा, रांगेत सहा. डिझाइन वर्डमध्ये, त्याची पीडीएफ काढून टँकवाल्या इंकजेटवर छपाई.

अडचणी अशा. सगळ्यात वरच्या ओळीतली लेबलं साधारण 3 मिमी खाली छापली जातात, सगळ्यात खालची तेवढीच वर सरकतात, मधल्या दोन ओळी जवळपास बरोबर. दुसरं, तेलकट किंवा ओला हात लागला की लाल रंग पसरतो आणि कागदावर डाग पडतो. तिसरं, काही बरण्यांवरून लेबलाची कडा दोन दिवसांत सुटते. दुकानदार म्हणतो शीट बदला. शीट बदलून फरक पडेल का? की लेझर प्रिंटर घ्यावा?

उद्यमनगरकर:
पहिल्या अडचणीत शीटचा काही दोष नाही. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. वरचं खाली, खालचं वर आणि मधलं जागेवर, म्हणजे अख्खं पान मध्याकडे आक्रसलंय. पहिल्या ओळीचा मध्य पानाच्या मध्यापासून 110 मिमीवर येतो. तिथे 3 मिमी फरक म्हणजे जवळपास 3 टक्के. आडवंही मोजून बघा, दोन्ही रांगा दीड-दीड मिमी आतल्या बाजूला सरकलेल्या सापडतील.

पीडीएफ छापताना रीडरमध्ये 'फिट' निवडलेलं असतं, ते 'अ‍ॅक्च्युअल साइज' करा. क्रोममधून छापत असाल तर 'मोअर सेटिंग्ज'मध्ये स्केल (छपाईचा आकार, टक्क्यांत) 'कस्टम' आणि 100. एवढ्यावर थांबू नका, प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये कागद ए-फोर आहे ना तेही बघा. बऱ्याच ड्रायव्हरांत आधीपासून 'लेटर' असतो. ए-फोर 210 × 297, लेटर 215.9 × 279.4, दोघांत गल्लत झाली की काहीच जुळत नाही. 'बॉर्डरलेस' बंद ठेवा, त्यात उलट पान थोडं मोठं केलं जातं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल मोबाइलवरून थेट प्रिंटला देऊ नका, तिथे स्केल आपल्या हातात क्वचितच असतो.

तपासायची सोपी रीत: फाइलमध्ये कुठेतरी बरोबर 100 मिमीची रेघ ठेवा. साध्या कागदावर छापा, स्टीलच्या पट्टीने मोजा. 97 भरली तर सेटिंग अजून चुकतंय. 100 भरली की तो कागद स्टिकर शीटवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरा, कापाच्या रेषा आरपार दिसतात. हे जमेपर्यंत स्टिकर शीट ट्रेमध्ये घालायचीच नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. फरक ओळीगणिक बदलत असेल तर स्केल किंवा पिच (एका लेबलापासून पुढच्या लेबलापर्यंतचं अंतर) चुकलंय. सगळीकडे सारखाच असेल तर मार्जिन. एका बाजूला तिरकं जात असेल तर ट्रेमधली कागद धरणारी सरकती पट्टी (गाइड) ढिली आहे किंवा एकदम जास्त शीटा भरल्यात.

चटणीडबा:
रेघ मोजली, 97 भरली! 'अ‍ॅक्च्युअल साइज' केल्यावर 100. आता सगळी लेबलं एकसारखी 2 मिमी खाली येतात. स्केल 99 करू का?

उद्यमनगरकर:
अजिबात नको. स्केलला हात लावलात की पुन्हा ओळीगणिक फरक सुरू. फरक सगळीकडे सारखा आहे, म्हणजे मार्जिनचं काम. वर्डमध्ये 'मेलिंग्ज', 'लेबल्स', 'ऑप्शन्स', 'न्यू लेबल'. तिथे टॉप मार्जिन आता 16.5 असेल तर 14.5 करा. बाकी काही बदलू नका.

तिथलं 'पिच' नीट भरलंय ना? पिच म्हणजे एका लेबलाच्या वरच्या कडेपासून पुढच्या लेबलाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, मधली फट धरून. एकच लेबल मोजून हा आकडा काढू नका. पहिल्या लेबलाच्या वरच्या कडेपासून सहाव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि पाचने भागा, पट्टीवरची अर्ध्या मिमीची चूक पाचात वाटली जाते. तुमच्या शीटवर ओळींमध्ये फट नसेल तर 220 भागिले 5, म्हणजे 44 यायला हवं. आडवं पिच वेगळं. दोन रांगांत 2 मिमी फट असेल तर ते 102.

वर्ड जर 'पानापेक्षा मोठं होतंय' म्हणून अडला तर तिथलं 'पेज साइज' बघा. 16.5 अधिक सहा गुणिले 44 म्हणजे 280.5, ते लेटरच्या 279.4 मध्ये मावत नाही. ए-फोर निवडलं की तक्रार बंद.

पंचगंगाकाठ:
थोडी भर. घरचा प्रिंटर कागद ओढताना दर वेळी अर्धा ते एक मिमी इकडेतिकडे करणारच. त्यामुळे डिझाइनच तसं करा. अक्षरं कापाच्या रेषेपासून किमान 3 मिमी आत. काठाला समांतर बारीक चौकट तर मुळीच नको, अर्धा मिमी सरकली तरी लांबून दिसते. लाल पार्श्वभूमी हवी असेल तर लेबलाच्या बाहेर दीड-दोन मिमी जाऊ द्या, नाहीतर कडेला पांढरी पट्टी राहते.

शाईदौत:
दुसऱ्या अडचणीत खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकात मिसळू नका.

रंग पसरतो तो शाईमुळे. अनेक टँक प्रिंटरांत रंगीत शाई 'डाय' प्रकारची, पाण्यात विरघळणारी असते. काहींत काळी तेवढी 'पिगमेंट' असते, ती पाण्याला बऱ्यापैकी टिकते. बाटलीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. नसेल तर छापून तासाभराने ओलं बोट फिरवा, कळेल.

डाग पडतो तो कागदामुळे. साधा कागदी स्टिकर तेल पितो आणि पारदर्शक होतो. शाई बदलली, लेझर घेतला, तरी हा डाग जाणार नाही. चटणीला तेल सुटतंच, त्याला काय करणार! उपाय दोन: वरून कोल्ड लॅमिनेशनची (उष्णता न देता चिकटणारी) पारदर्शक फिल्म, नाहीतर कागदाऐवजी फिल्मचा स्टिकर. फिल्म घेताना 'इंकजेटसाठी' लिहिलेलीच घ्या. नुसत्या चकचकीत फिल्मवर शाई मुरत नाही, वरच तरंगते आणि बोटाला लागते.

फिल्म आख्ख्या शीटवर चिकटवली तर मूळ काप झाकले जातात, लेबलं परत कात्रीने कापावी लागतात. म्हणून लेबल बरणीला लावल्यावर वरून रुंद पट्टी, दोन्ही बाजूंनी 3-4 मिमी जास्त. कडाही दाबून बसते, म्हणजे तिसऱ्या अडचणीला थोडा हातभार.

महाद्वारवाला:
लेझरचं बोलायचं तर त्याची पावडरची शाई, म्हणजे टोनर, पाण्याने पसरत नाही, हा मोठा फायदा. पण लेझरमध्ये कागद साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या फ्युजरमधून, म्हणजे तापलेल्या रोलरांमधून जातो. त्यामुळे पाकिटावर 'लेझर' लिहिलेली शीटच घालायची. इंकजेटवाली घातली तर गोंद वितळून बाहेर येतो, रोलरला लागतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर ठसा उमटतो. साधा व्हिनाइल स्टिकर तर आत वितळून बसतो, मग फ्युजर बदलायचा खर्च. लेझरला फिल्म हवी असेल तर लेझरसाठी बनवलेली पॉलिएस्टरची.

लेझर असो वा इंकजेट, अर्धी लेबलं काढलेली शीट पुन्हा प्रिंटरमध्ये घालू नका. मोकळ्या जागेत बॅकिंग (लेबलामागचा गुळगुळीत कागद) पातळ पडतं, शेजारच्या लेबलाची कड उचलते आणि आत सोलून निघते. कमी लेबलं लागणार असतील तर उरलेल्या जागेवर पुढच्या मालाची छापून ठेवा.

लेझरमध्ये कागदाचा प्रकार 'लेबल्स' निवडा, नसेल तर 'हेवी'. कागद सावकाश जातो आणि टोनर नीट चिकटतो. 'प्लेन'वर ठेवलं तर नखाने खरवडून निघतो. मागचं झाकण उघडून कागद सरळ बाहेर काढायची सोय असेल तर तीच वापरा, वळण जितकं कमी तितकं लेबल सुटायची भीती कमी.

माझं मत विचाराल तर 12 लेबलांच्या शीटा मोजक्याच लागत असतील तर नवीन प्रिंटर घेऊ नका. रंगीत भाग डिजिटल प्रिंटवाल्याकडून फिल्मवर एकदाच छापून घ्या, आणि तारीख-बॅचपुरती जागा रिकामी ठेवा.

पंचगंगाकाठ:
कडा सुटते त्याबद्दल. बरणी भरून झाल्यावर लेबल लावताय का? तसं असेल तर क्रम उलटा करा, लेबल आधी, चटणी नंतर. भरताना बाहेर तेलाचा पातळ थर बसतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण गोंदाला पुरतो. बरणी कोऱ्या कोरड्या फडक्याने पुसा, लेबल मधून कडेकडे दाबत लावा, आणि शक्यतो एक दिवस तसंच ठेवून मग भरा. गोंद पूर्ण धरायला तेवढा वेळ लागतो.

बरणी खाली निमुळती आहे का तेही बघा. निमुळत्या बरणीवर सरळ चौकोनी लेबल वरच्या नाहीतर खालच्या कडेला सुरकुततंच, गोंद कितीही चांगला असो. सरळ भिंतीची बरणी घ्या किंवा लेबलाची उंची कमी करा.

आणि आपल्याकडचा जून ते सप्टेंबर. उघड्या पाकिटातली शीट दमट होऊन वळते, वळलेली शीट तिरकी ओढली जाते. छापण्यापुरत्याच शीटा काढा, बाकीचं पाकीट झिपच्या पिशवीत आडवं ठेवा, उभं नको.

चटणीडबा:
मार्जिन 14.5 केल्यावर जुळलं. बरणी भरल्यावरच लेबल लावत होतो, आता आधी लावणार. शेवटचं विचारतो. परवाना क्रमांक एक्सेलमधून वर्डच्या लेबलात आपोआप भरला (मर्ज केला) तर लेबलावर भलतंच काहीतरी येतं, ई आणि अधिकचं चिन्ह. आणि बॅच-तारखेसाठी कुरियरवाल्यांसारखा थर्मल प्रिंटर चालेल का?

उद्यमनगरकर:
एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक 14 अंकी असतो, एक्सेल त्याला मोठी संख्या समजून आखडून दाखवतो. तो कॉलम 'टेक्स्ट' करा आणि क्रमांक नव्याने टाइप करा, नुसतं फॉरमॅट बदलून आधीचा आकडा सुधारत नाही. मर्जमध्ये पहिल्या लेबलात बदल केला की 'अपडेट लेबल्स' दाबायला विसरू नका, नाहीतर बाकीच्या अकरांवर जुनाच मजकूर राहतो.

महाद्वारवाला:
शाईची रिबन नसलेला, नुसत्या उष्णतेने कागद काळा करणारा थर्मल कुरियरच्या पाकिटापुरता ठीक. उन्हाने, उष्णतेने आणि तेलाने ते अक्षर फिकं पडतं, त्यामुळे तारखेसाठी नको. थर्मलच हवा असेल तर रिबनवाला बारकोड प्रिंटर. तुमच्या प्रमाणाला तारखेचा रबरी शिक्का पुरेसा आहे. लेबलावर साधारण 30 × 12 मिमी पांढरा चौकोन सोडा. कागदी लेबल असेल तर आधी शिक्का, शाई सुकली की वरून फिल्म. उलटं केलंत तर साधी स्टँप पॅडची शाई फिल्मवर सुकतच नाही, अंगठ्याने पुसली जाते. फिल्मच्याच लेबलावर मारायचा असेल तर प्लास्टिकवर चालणारी झटपट सुकणारी शाई आणि त्यासाठी वेगळा पॅड घ्या. ती शाई पॅड लवकर वाळवते, काम झालं की झाकण लावायचं.