मदत हवी आहे: बीपी आणि वाढलेलं होमोसिस्टीन

नमस्कार मंडळी. माझ्या बाबांना बरीच वर्षं बीपी आहे, टेल्मिसार्टन 40 चालू आहे. परवाच्या तपासणीत होमोसिस्टीन 28 आलं, कागदावर वरची मर्यादा 15 छापलीय. हे अमिनो आम्ल शरीरात मेथिओनिनपासून बनतं आणि त्याचा निचरा व्हायला बी12, फोलेट, बी6 लागतात. बाबा पक्के शाकाहारी, दूधही चहापुरतंच, त्यामुळे बी12 कमी निघालं यात नवल नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत.

कोणाच्या घरी होमोसिस्टीन उतरल्यावर बीपीतही फरक पडला का? की फायदा फक्त पक्षाघाताचा धोका कमी होण्यापुरता? चीनमध्ये 20 हजारांहून जास्त बीपीच्या रुग्णांवर झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एनालाप्रिल या बीपीच्या औषधासोबत फॉलिक ॲसिड (म्हणजे फोलेटच) दिल्यावर पक्षाघात कमी झाले होते.

दुसरं, शेजारच्या काकांनी प्रेमाने एल-आर्जिनिनची पावडर आणून दिलीय, ‘नसा मोकळ्या होतात’ म्हणून. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं हे खरं. पण बाबांना मागे हार्ट ॲटॅक येऊन गेलाय, आणि अशाच रुग्णांवरची अमेरिकेतली चाचणी आर्जिनिन घेणाऱ्यांत मृत्यू झाल्याने थांबवावी लागली होती. डबा मी सीलबंदच ठेवलाय. काकांना न दुखावता कसं सांगू? डॉक्टर, आहारतज्ज्ञ मंडळींनी जरूर लिहा.