मागच्या डिफला लॉकर: एअर की ऑटोमॅटिक?
भाऊ, शेतात आणि घाटात चालणाऱ्या फोर बाय फोर पिकअपच्या मागच्या डिफला (डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) कोणता लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग) बसवू, असं विचारलंत. माझं मत एअर लॉकरला, म्हणजे बटण दाबल्यावर हवेच्या दाबानं लागणाऱ्याला. आमच्याकडे यावलला केळीच्या बागेत काळी माती ओली झाली की मागचं एक चाक नुसतं गरगरतं, दुसरं ढिम्म. बटण दाबलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात; डांबरी लागली की सोडायचं. ऑटोमॅटिक, म्हणजे बटणाशिवाय आपोआप लागणारा-सुटणारा, स्वस्त पडतो, पण वळणावर कटकट वाजतो, टायर खातो, आणि तोरणमाळच्या घाटात पावसात रिकामी गाडी मागून सरकायची भीती. एअरला कॉम्प्रेसर लागतो. त्यावर टायरात हवाही भरता येते म्हणा. हवेची नळी मात्र सायलेन्सरपासून लांब बांधा, माझी एकदा वितळली होती. आणि ऑर्डरच्या आधी अ‍ॅक्सलच्या स्प्लाइन (दांड्याच्या टोकावरचे दाते) मोजून घ्या, लॉकरशी जुळायला हव्यात.